सरकारी संगणकाची चावी कोणाच्या हाती?

कायदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्याशिवाय तो नागरिकावर लादता येत नाही, हे विधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. जो नियम लोकांना वाचायलाच मिळत नाही, तो लोकांवर बंधनकारक कसा? हजारो वर्षे नियम मूठभरांच्या डोक्यात आणि पोथीत बंद होते. ते छापून सर्वांसमोर ठेवावे लागणे, ही माणसाच्या इतिहासातली फार मोठी क्रांती आहे. परंतु आज कर किती भरायचा, निवृत्तिवेतन किती मिळायचे, कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळायचा, हा हिशेब कारकुनाच्या टेबलावर होत नाही. तो संगणकाच्या पोटात होतो. हिशेब कसा करायचा याच्या सूचना ज्या आज्ञावलीत लिहिलेल्या असतात, त्या सॉफ्टवेअरची मूळ प्रत बहुतेक वेळा एखाद्या खासगी कंपनीच्या तिजोरीत असते. म्हणजे कायदा राजपत्रात उघडा आणि त्याची अंमलबजावणी कुलूपबंद, अशी ही अवस्था आहे.

युरोपातील अनेक नगरपालिका, प्रांत आणि सरकारे गेली २५ वर्षे या कुलपाशी झगडत आहेत. त्यांपैकी काहींनी ते तोडले, काहींनी तोडून पुन्हा लावून घेतले, तर काहींना चावी कोणाकडे आहे हेच फार उशिरा कळले. सरकारी कारभारात ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचा हा लढा केवळ संगणक अभियंत्यांचा आहे, अशी आपली समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. हा सत्तेचा आणि मालकीचा प्रश्न आहे.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपण दुकानातून सॉफ्टवेअर विकत आणतो असे म्हणतो, पण ते विकत मिळत नाही. मिळतो तो वापरण्याचा परवाना. आत काय लिहिले आहे ते पाहायचे नाही, बदलायचे नाही, दुसऱ्याला द्यायचे नाही, अशा अटी त्या परवान्यात असतात. वापरणारा मालक नसतो, तो भाडेकरू असतो. आणि घरमालकाने भाडे वाढवले तर भाडेकरूचे जे होते तेच सरकारचेही होते.

याविरुद्ध अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली एक चळवळ उभी केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, आत काय आहे ते वाचून समजून घेण्याचे, ते इतरांना वाटण्याचे आणि त्यात सुधारणा करून ती सुधारणाही वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असले पाहिजे, ही त्या चळवळीची मागणी. त्यांनी कायद्याच्याच हत्याराने कायदा उलटवला. लेखकाला मिळणारा कॉपीराइटचा हक्क वापरूनच त्यांनी असा परवाना लिहिला की हे सॉफ्टवेअर पुढे कोणालाही बंदिस्त करता येऊ नये. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टॉरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा गाभा लिहू लागला आणि पुढच्याच वर्षी त्याने तो याच परवान्याखाली खुला केला. हेच लिनक्स. त्याला पुढे जगभरच्या हजारो हातांनी घडवले.

मुक्त सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही असे नाही. ते बसवायला, शिकवायला, दुरुस्त करायला माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो. फरक इतकाच की पैसा परवान्याच्या भाड्यात जात नाही, तो कामाच्या मोबदल्यात जातो. आणि काम करणारा माणूस आपल्याच गावातला असू शकतो.

एका गरीब प्रांताचा प्रयोग

या लढ्यातील पहिला मोठा प्रयोग पॅरिसने किंवा बर्लिनने केला नाही. तो स्पेनच्या एक्स्ट्रेमादुरा या प्रांताने केला. पोर्तुगालच्या सीमेला लागून असलेला हा कोरडवाहू शेतीचा प्रांत स्पेनमधील सर्वात मागासलेल्या प्रांतांपैकी एक. उद्योग नाहीत, रेल्वेची सोय तोकडी. पोटासाठी येथील लाखो माणसे माद्रिद, बार्सिलोना आणि जर्मनीकडे निघून गेली. औद्योगिक क्रांतीची गाडी या प्रांताला न घेताच निघून गेली होती. संगणकाची गाडी तरी चुकू नये, असे प्रांताध्यक्ष रोद्रिगेस इबारा यांच्या सरकारने ठरवले.

माध्यमिक शाळेत दर दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक हे उद्दिष्ट ठेवले गेले. हिशेब मांडल्यावर लक्षात आले की यंत्रे घेता येतील, पण प्रत्येक यंत्रामागे परवान्याचे पैसे द्यायचे तर तिजोरी रिकामी होईल. तेव्हा या गरीब प्रांताने २००२ साली लिनक्सवर आधारित स्वतःची प्रणाली तयार केली आणि तिला लिनएक्स असे नाव दिले. तिच्या सीडी लोकांना मोफत वाटल्या. गावोगावी संगणक केंद्रे काढून प्रौढांना, गृहिणींना, म्हाताऱ्या माणसांना संगणक शिकवला. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पडद्यावर चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅमला त्यांनी त्याच मातीत जन्मलेल्या झुर्बारान या चित्रकाराचे नाव दिले आणि लिहिण्याच्या प्रोग्रॅमला एस्प्रोन्सेदा या तेथल्याच कवीचे. शेतमजुराच्या मुलाने संगणक उघडला की त्याला स्वतःच्या प्रदेशाची माणसे भेटत. यंत्र परक्याचे नाही, आपले आहे, असे त्याला वाटावे यासाठीची ही योजना होती.

हा प्रयोग कायम टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०११ च्या सुमारास प्रांतिक सरकारने ही प्रणाली विकसित करण्याचे काम स्पेनच्या राष्ट्रीय पातळीवरील एका संस्थेकडे सोपवले आणि पुढे तिचा जोर ओसरला. परंतु ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी तंत्रज्ञानाच्या शर्यतीत मागेच राहायचे असते, हा समज या प्रांताने खोटा ठरवला. शेजारच्या आंदालुसिया प्रांताने लगेच त्याचे अनुकरण केले.

म्युनिकचा चढ आणि उतार

ज्या लढाईची चर्चा जगभर झाली ती जर्मनीतील म्युनिक शहराची. २००३ साली या महानगराच्या कारभारात सुमारे १४ हजार संगणक होते आणि त्यावरील विंडोज एनटी ही जुनी प्रणाली बंद होणार होती. कंपनीने आधार काढून घेतला की सरकारने नवे परवाने घ्यायचे, त्यासाठी नवी यंत्रे घ्यायची, हा ठरलेला क्रम. म्युनिकने प्रथमच विचारले, दुसरा मार्ग आहे का?

हा प्रश्न ऐकून मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधील आपली सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले. किमतीत मोठी सवलत देऊ केली गेली. सवलतीनंतर लिनक्सचा प्रस्ताव स्वस्त उरला नव्हता, तरी २८ मे २००३ रोजी नगरपरिषदेने लिनक्सच्या बाजूने निर्णय दिला. कारण नगरसेवकांसमोरचा प्रश्न केवळ किमतीचा नव्हता. जी कंपनी एका भेटीत कोट्यवधींची सवलत देऊ शकते, ती उद्या स्पर्धक उरला नाही की तेवढीच वाढही करू शकते, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

लिमक्स या नावाने ओळखली गेलेली ही योजना संथपणे चालली. २००४ साली सॉफ्टवेअर पेटंटच्या भीतीने ती काही काळ थांबली. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर आणखी एक सत्य बाहेर आले. शहराच्या वेगवेगळ्या खात्यांनी आपापली संगणक व्यवस्था उभी केली होती, प्रत्येकाचे अर्जाचे नमुने वेगळे होते. हजारो नमुने तपासून एकसारखे करावे लागले. त्यासाठी म्युनिकच्या पालिकेने स्वतःच वोलमक्स नावाचे साधन तयार केले आणि ते सर्वांसाठी खुले केले. डिसेंबर २०१३ मध्ये काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले तेव्हा १५ हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर चालत होते. परवाने आणि नवी यंत्रे टळल्यामुळे १ कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा हिशेब पालिकेने मांडला. मायक्रोसॉफ्टने एका दुसऱ्या कंपनीकडून उलटा हिशेब करून घेतला. त्यातली आकडेमोड म्युनिकने मान्य केली नाही.

मग काय बिघडले? २०१४ साली उडे निवृत्त झाले आणि डीटर रायटर महापौर झाले. ते मायक्रोसॉफ्टचे चाहते म्हणून ओळखले जात. मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतील मुख्यालय जवळच्या गावातून म्युनिक शहरात आणण्याचे ठरवले आणि २०१६ साली ते आणलेही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्याच. एका सल्लागार कंपनीचा अहवाल मागवला गेला. त्या अहवालात मुख्य दोष संगणक विभागांच्या विस्कळीत रचनेचा दाखवला होता. पण दुरुस्ती रचनेत करण्याऐवजी लिनक्सलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. २०१७ साली नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. त्यासाठीचा खर्च होता सुमारे ५ कोटी युरो. पुढे २०२० साली सत्तेवर आलेल्या हरित पक्ष आणि समाजवादी लोकशाही पक्षाच्या आघाडीने जनतेच्या पैशातून घडणारे सॉफ्टवेअर शक्य तेथे जनतेसाठी खुले राहील, असे आपल्या करारात लिहिले. महापौर तेव्हाही रायटरच होते!

म्युनिकचे नाव घेऊन आजही सांगितले जाते की लिनक्स फसले. वास्तविक लिनक्स दहा वर्षे एका महानगराचा कारभार चालवत होते. फसली ती राजकीय इच्छाशक्ती. निर्णय एका नेत्याच्या बळावर उभा असेल तर नेता गेला की निर्णयही जातो. चळवळीत काम करणाऱ्यांना हा धडा वेगळा सांगण्याची गरज नाही.

गाजावाजा न करणारे पोलीस

याउलट फ्रान्सच्या जाँदार्मरी या राष्ट्रीय पोलीस दलाकडे पाहा. ग्रामीण भाग आणि छोटी शहरे सांभाळणारे हे दल लष्करी शिस्तीचे. त्यांनी एकदम उडी घेतली नाही. २००५ साली फक्त लिहिण्याचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलले, ओपनऑफिस आणले. पुढच्या वर्षी इंटरनेट पाहण्याचे आणि ईमेलचे साधन बदलले. मूळ विंडोज तसेच ठेवले. शिपायांची सवय या नव्या साधनांशी जुळल्यानंतर, २००८ पासून, खालची प्रणाली बदलून उबुंटू लिनक्स आणायला सुरुवात केली. तेव्हा विंडोजची व्हिस्टा ही नवी आवृत्ती आली होती आणि तीही नव्याने शिकवावीच लागणार होती. शिकवायचेच आहे तर आपल्या हातात राहील असे का शिकवू नये, असा हा साधा विचार. फरक काय जाणवतो, या प्रश्नावर त्या दलाच्या एका अधिकाऱ्याने सांगितले होते की चित्रे बदलतात आणि खेळ बदलतात, आणि खेळ हा आमचा अग्रक्रम नाही!

आज या दलाचे जवळपास सर्व, म्हणजे एक लाखाच्या आसपास संगणक या प्रणालीवर चालतात. गेल्या वीस वर्षांत फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष बदलले, सरकारे बदलली, हे काम मात्र चालू राहिले. म्युनिकचे नाव सर्वांना माहीत आहे आणि या पोलिसांचे फारसे कोणाला माहीत नाही. अपयशाची जाहिरात करायला बाजारात पैसा असतो, यशाची जाहिरात करायला नसतो.

न्यायालयांनी काय म्हटले?

सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला झुकते माप दिले की पहिला आक्षेप येतो तो समान संधीचा. टेंडरमध्ये सर्व कंपन्यांना समान वागणूक हवी, तुम्ही एका प्रकारच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देता हा पक्षपात आहे, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद इटलीच्या घटनापीठापुढे गेला. पिडमाँट प्रांताने २००९ साली कायदा करून मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. रोमच्या केंद्र सरकारने त्याला आव्हान दिले. २०१० च्या १२२ क्रमांकाच्या निकालात घटना न्यायालयाने या मुख्य मुद्द्यावर प्रांताची बाजू उचलून धरली. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की मुक्त सॉफ्टवेअर हे कोणत्या कंपनीचे, ब्रँडचे किंवा तंत्राचे नाव नाही. तो एक कायदेशीर गुणधर्म आहे. कोणतीही कंपनी आपले सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली देऊ शकते. दरवाजा सर्वांना उघडा आहे, आत येताना कुलूप बाहेर ठेवायचे एवढीच अट आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर, पालिकेने आपल्या इमारतीचा नकाशा आपल्याला मिळालाच पाहिजे अशी अट घातली तर तो कंत्राटदारावर अन्याय होत नाही.

दुसरा लढा युरोपीय संघ विरुद्ध मायक्रोसॉफ्ट हा. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मक्तेदारीचा गैरवापर केल्याबद्दल या कंपनीला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. आपल्या प्रणालीशी इतरांच्या प्रणालींना बोलता यावे यासाठीची तांत्रिक माहिती उघड करण्याचा आदेशही दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम केला. त्या लढ्यामुळे सांबा या मुक्त सॉफ्टवेअरच्या विकासकांना ती माहिती त्याच वर्षी अधिकृतपणे मिळू शकली. आणि जुलै २००५ मध्ये युरोपीय संसदेने सॉफ्टवेअरवरील पेटंटसंबंधीचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ अशा प्रचंड मतांनी फेटाळला. बड्या कंपन्यांचे दलाल ब्रसेल्सच्या गल्लोगल्ली फिरत असताना प्रोग्रॅमर, छोटे उद्योजक आणि विद्यार्थी यांनी संघटित होऊन हा विजय मिळवला.

२००७ साली युरोपीय आयोगाने मुक्त सॉफ्टवेअरसाठी स्वतःचा परवानाच तयार केला. त्याची आजची आवृत्ती २०१७ ची आहे आणि ती संघाच्या २३ भाषांत उपलब्ध आहे. प्रत्येक भाषेतील मजकुराला समान कायदेशीर किंमत आहे. एस्टोनियाच्या नागरिकाला आपला हक्क समजून घ्यायला इंग्रजीची पायरी चढावी लागत नाही.

प्रवेशाचा हिशेब दाखवा!

आता सर्वात जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे वळू. फ्रान्समध्ये बारावीनंतरचे प्रवेश एका केंद्रीय संगणक प्रणालीमार्फत होत. तिचे नाव एपीबी. दरवर्षी लाखो विद्यार्थी आपल्या पसंतीची यादी भरत आणि यंत्र निकाल देत असे. कोणत्या निकषावर? ते कोणालाच नीट ठाऊक नव्हते. विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने २०१६ साली या प्रणालीची मूळ आज्ञावली मागितली. तेथील माहिती आयोगाने विद्यार्थ्यांच्या बाजूने मत दिले. तेव्हा शिक्षण मंत्रालयाने काय करावे? आज्ञावलीचा एक भाग कागदावर छापून, सुमारे २० पानांचा गठ्ठा पाठवून दिला. संगणकात चालवून पाहता येऊ नये म्हणून कागद! माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही सरकारी युक्ती अनोळखी वाटणार नाही.

पुढे अर्जदार जास्त आणि जागा कमी अशा अभ्यासक्रमांत हे यंत्र चक्क चिठ्ठ्या टाकत होते, ही गोष्ट चव्हाट्यावर आली. मुलाने वर्षभर घासून अभ्यास करायचा आणि नशीब सोडतीत ठरायचे. डिसेंबर २०१७ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सोडतीचे परिपत्रक रद्द केले. २०१८ साली पार्कूरसुप नावाची नवी प्रणाली आली आणि तिच्या राष्ट्रीय भागाची आज्ञावली सरकारला खुली करावी लागली. पण प्रत्येक विद्यापीठ अर्जांची क्रमवारी स्वतः कशी लावते, तो भाग गुप्तच राहिला. विद्यार्थी संघटना घटना परिषदेपर्यंत गेली. ३ एप्रिल २०२० रोजी परिषदेने १७८९ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पंधराव्या कलमाचा आधार घेतला. सार्वजनिक सेवकाला त्याच्या कारभाराचा जाब विचारण्याचा समाजाला हक्क आहे, असे ते कलम सांगते. त्यातून सरकारी दस्तऐवज पाहण्याचा हक्क घटनात्मक ठरतो, आणि प्रवेश प्रक्रिया संपल्यावर संस्थांनी आपले निकष प्रसिद्ध केले पाहिजेत, असे परिषदेने बजावले. दोन शतकांपूर्वीचे कलम संगणकाच्या पोटापर्यंत पोहोचले.

याच काळात प्राप्तिकराचा हिशेब करणाऱ्या सरकारी प्रोग्रॅमची आज्ञावलीही एका अभ्यासकाने मागितली. माहिती आयोगाने २०१५ साली मान्यता दिली, पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला आणि ती खुली झाली. ऑक्टोबर २०१६ च्या डिजिटल प्रजासत्ताक कायद्याने तर सरकारी सॉफ्टवेअरची मूळ प्रत हा सरकारी दस्तऐवजच आहे, असे लिहून टाकले.

बंद सॉफ्टवेअर माणसाचे काय करते, हे ब्रिटनने पाहिले आहे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून होरायझन ही हिशेबाची प्रणाली आणली. तिच्यातील दोषांमुळे छोट्या पोस्ट कार्यालयांच्या हिशेबात खोटी तूट दिसू लागली. ९०० हून अधिक पोस्टमास्तरांना चोर ठरवून शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरे गेली, काहींनी जीव दिला. विरोधी पुरावा नसेल तर संगणक बरोबरच चालत होता असे मानायचे, हा तेथला कायदा. पण पुरावा होता तो यंत्राच्या आत, आणि यंत्र उघडून पाहण्याची सोय आरोपीला नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला कायदा करून सरसकट शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आज्ञावली खुली असती तर चुका झाल्याच नसत्या, असे नाही. पण आरोपीच्या वकिलाला आणि तज्ज्ञाला ती वाचता आली असती. वीस वर्षे लागली नसती.

सार्वभौमत्वाचा नवा प्रश्न

अलीकडच्या काळात या लढ्याला नवे वळण मिळाले आहे. सॉफ्टवेअर आता आपल्या यंत्रावर राहत नाही. ते कंपनीच्या दूरवरच्या यंत्रांवर चालते आणि सरकारची कागदपत्रेही तेथेच साठतात. २०१८ साली अमेरिकेने क्लाउड कायदा केला. अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठवलेली असली तरी अमेरिकी यंत्रणा ती मागू शकते, असे हा कायदा म्हणतो. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेट समितीपुढे मायक्रोसॉफ्टच्या तेथील विधी प्रमुखांना शपथेवर विचारले गेले की, फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीशिवाय अमेरिकेला दिली जाणार नाही याची हमी देता का? असे आजवर घडलेले नाही, पण हमी देता येत नाही, असे उत्तर आले.

त्याच वर्षी अमेरिकेने हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर निर्बंध लादले. त्यानंतर न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यांचे मायक्रोसॉफ्टवरील ईमेल बंद पडल्याचे वृत्त मे २०२५ मध्ये आले. न्यायालयाची सेवा आपण थांबवली नाही, असे कंपनीने सांगितले. कोणी काय केले हा वाद बाजूला ठेवू. पण नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा पत्रव्यवहार दुसऱ्या देशाच्या मर्जीवर असू शकतो, ही जाणीव युरोपला हादरवून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे न्यायालय जर्मनीत तयार झालेल्या ओपनडेस्क या मुक्त संचाकडे वळत असल्याचे जाहीर झाले.

जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाईन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये ३० हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणि पुढे लिनक्स आणण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथील ४० हजारांहून अधिक ईमेल खाती मुक्त प्रणालीवर गेली. ऑस्ट्रियाच्या सैन्याने सुमारे १६ हजार संगणकांवर लिब्रेऑफिस बसवले. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयाने आणि फ्रान्सच्या लियों शहराने २०२५ साली याच वाटेने जाण्याचे जाहीर केले. श्लेस्विग-होल्स्टाईनमध्ये ईमेल बदलताना न्यायालये आणि पोलीस खात्यातून तक्रारी आल्या, हेही खरे. वर्षानुवर्षांची सवय एका रात्रीत सुटत नाही.

डोळसपणे स्वीकारा

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध, अशी अंधश्रद्धा बाळगण्याचे कारण नाही. २०१४ साली ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाचा गंभीर दोष सापडला. जगभरच्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्यावर उभी होती, ते सॉफ्टवेअर मोजकी माणसे तुटपुंज्या पैशांत सांभाळत होती. सर्वांनी वापरायचे आणि सांभाळणाऱ्याकडे कोणी पाहायचे नाही, हे फुकटच्या श्रमाचे शोषणच आहे. उघडे असणे पुरेसे नाही, वाचणारा आणि दुरुस्त करणारा माणूस लागतो आणि त्याला मोबदला द्यावा लागतो. जर्मनीच्या केंद्र सरकारने २०२२ साली अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र निधी उभारला, तो या शहाणपणातूनच.

भारत सरकारनेही २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील माहितीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूर येतो. त्याच कायद्यात व्यापारी गुपिताचा अपवादही आहे आणि खासगी कंपनीचे कुलूप या अपवादाच्या आडोशाला सहज जाते. म्हणून टेंडर निघतानाच प्रश्न विचारले पाहिजेत. या सॉफ्टवेअरची मूळ प्रत सरकारला मिळणार आहे काय? कंत्राट संपल्यावर दुसऱ्याला ते चालवता येईल काय? आमची माहिती कोणत्याही अडवणुकीशिवाय बाहेर काढता येईल काय? आणि या यंत्राने एखाद्याला शिष्यवृत्ती, प्रवेश किंवा निवृत्तिवेतन नाकारले तर त्याने ते का नाकारले, हे त्या माणसाला वाचता येईल काय?

या चार प्रश्नांची उत्तरे कंत्राटावर सही होण्यापूर्वी मिळाली तरच त्यांचा उपयोग. सही झाल्यानंतर उत्तर मिळवायला विद्यार्थ्यांना घटना परिषदेपर्यंत जावे लागले आणि पोस्टमास्तरांना वीस वर्षे झगडावे लागले. ज्याच्या हाती पोथी त्याच्या हाती सत्ता, हा जुना नियम यंत्राच्या युगातही बदललेला नाही. म्हणून जनतेच्या पैशातून लिहिलेली प्रत्येक आज्ञावली जनतेला वाचायला मिळाली पाहिजे, ही मागणी आता अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. ती नागरिकांनीच लावून धरली पाहिजे.